मिनिटरावांची सहा मिनिटं

आमच्या मजल्यावर दोनच घरं. एक माझं आणि समोरचं मिनिटरावांचं. हे नाव मीच ठेवलं आणि ते इमारतीत इतकं मुरलं की परवा पोस्टमननंसुद्धा एक पाकीट माझ्यापुढे धरून विचारलं, "हे म्हणजे आपले मिनिटरावच ना?" हा माणूस शहर बससेवेच्या कचेरीत गेली सत्तावीस वर्षं वेळापत्रकं करतो. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी यायची हे तो ठरवतो. ती खरोखर कधी येते हा प्रश्न वेगळा, आणि तो त्यांना विचारायचा नसतो.

घरातही तेच. सहा दहाला दूध, सहा अठराला दाढी, सात पाचला खिडकीतल्या कुंड्यांना पाणी. एकदा वहिनी कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली." तर आतून आवाज आला, "अजून अकरा दिवस आहेत."

खाली रस्त्याला लागून माझं चष्म्याचं दुकान. काचेतून बघणं हा धंदाच असल्यामुळे कोण कधी गेलं, कुणाबरोबर गेलं आणि परत येताना चेहरा कसा होता, हे मला दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. बायको म्हणते, मुद्दामच बघतोस. ते असो. मला रोज दिसायचं ते असं : बरोबर नऊ सव्वीसला मिनिटराव दुकानासमोरून कचेरीला जायचे. चालत. आता दुकानाच्या बरोबर समोर बसथांबा, आणि तिथून जाणारी चौदा नंबर थेट त्यांच्या कचेरीच्या फाटकाशी नेऊन सोडते. त्या चौदा नंबरचं वेळापत्रक यांच्याच हातचं. तरी गडी पायी.

एकदा न राहवून विचारलं. तेव्हा इकडेतिकडे बघून, लाच घेतल्यासारख्या हळू आवाजात म्हणाले, "चालत बावीस मिनिटं लागतात. रोज बावीसच. बसचं काही सांगता येत नाही हो."

मी दोन दिवस हसत होतो. पण कुणाला सांगितलं नाही. म्हणजे, तेव्हा नाही सांगितलं.

यंदा त्यांच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं की सगळ्या शहराचं वेळापत्रक नव्यानं करायचं, तेही तीन महिन्यांत. एका टेबलावरचं हे काम नव्हे, म्हणून चौघांचा गट केला. एक जुना ड्रायव्हर, तीस वर्षं बस हाकलेला. एक तक्रारींच्या फोनवर बसणाऱ्या बाई, ज्यांना सगळे तक्रारबाईच म्हणतात. एक नुकतीच लागलेली संगणकवाली पोरगी. आणि गटप्रमुख कोण, तर मिनिटराव! दोन वर्षांपूर्वी असाच एक गट केला होता, तो महिन्याभरात फुटला होता. म्हणून साहेबांनी या वेळी अट घातली : पहिल्याच शुक्रवारी अकरा वाजता कामाचा आराखडा एका कागदावर हवा, खाली चौघांच्या सह्या हव्यात. नसल्या तर काम बाहेरच्या कंपनीला जाणार, वेळापत्रकाचं टेबल बंद होणार आणि मिनिटरावांची रवानगी भांडारात, टायर मोजायला. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. सत्तावीस वर्षं खिडकीशी बसून, चार रंगांच्या पेन्सिलींनी, एकट्यानं सगळं शहर आखलेला माणूस. त्यांनी कधी कुणावर प्रमुखपण केलेलं नव्हतं.

"घरातसुद्धा नाही," वहिनी म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी ते हातात कागद घेऊन माझ्याकडे आले. पहिल्या बैठकीची तयारी. म्हणाले, "तुम्ही माणसांत बसता-उठता. जरा बघा."

मी वाचू लागलो. १०.०० स्वागत. १०.०३ परिचय, प्रत्येकी दोन मिनिटं. १०.११ कामाची गरज. १०.२५ हशा.

"हे काय?"

"हशा. दीड मिनिट. पहिल्याच दिवशी वातावरण मोकळं व्हायला हवं म्हणतात. पुस्तकात होतं."

"आणि कुणी हसलंच नाही तर?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला, पेन्सिल काढली आणि समोर बारीक अक्षरात लिहिलं : 'अन्यथा पुढे.'

मी पोट धरून हसलो. त्यांना वाटलं, विनोद जमला. खूश होऊन गेले. आणि त्यांनी दार लावल्यावर माझं हसू तिथंच थांबलं. कारण आदल्याच दिवशी, शनिवारी, मी एक उद्योग करून बसलो होतो.

शनिवारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. दणकट, पांढऱ्या मिशा, हाताला घट्टे. जवळचं दिसेना म्हणून आलेलं. मी डोळे तपासताना माझं तोंड बंद नसतं, ही दुकानाची जुनी रीत आहे. बोलता बोलता कळलं की स्वारी बसवर ड्रायव्हर आहे आणि सोमवारपासून 'त्या वेळापत्रकवाल्याच्या' हाताखाली नेमलीय. आता इतकी आयती संधी! मी म्हटलं, "अहो, ते माझे शेजारी. फार सज्जन. पण एक गंमत सांगू? ते स्वतः बसनं जातच नाहीत!"

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. तपासणीच्या खुर्चीतून उठता उठता म्हणाला, "असं होय."

त्या 'असं होय'चा आवाज मला रविवारभर ऐकू येत होता. मिनिटरावांना तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्याचं गुपित माझ्या पोटात क्षणभर टिकत नाही, पण स्वतःच्या चुकीला तिथं भरपूर जागा असते.

सोमवारी काय झालं ते मला पुढे तक्रारबाईंनी सांगितलं. या बाई म्हणजे माझ्याच गोत्रातल्या. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवून हातात देतात. बैठकीच्या खोलीत चौघांपुढे चार कागद ठेवलेले होते. स्वागत वेळेवर झालं. परिचयाला दोन मिनिटं होती, पण तक्रारबाई सहाव्या मिनिटाला स्वतःच्या बदलीपर्यंतच पोचल्या होत्या आणि मिनिटरावांच्या कपाळावर घाम यायला लागला होता. कशीबशी गाडी 'कामाची गरज' या थांब्यावर आली. तेवढ्यात ड्रायव्हरनं कागद खाली ठेवला.

"साहेब, एक विचारू? आज किती नंबरनं आलात?"

बरोबर दहा पंचवीस झाले होते. संगणकवाली पोरगी बिचारी समोरच्या कागदाप्रमाणे खो खो हसली. हसणारी ती एकटीच. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

मिनिटरावांना खोटं बोलता आलं असतं. चौदा नंबरनं, म्हणाले असते तर कोण तपासायला जाणार होतं? पण ते म्हणाले, "चालत."

"आणि रोज?"

"रोजही चालतच."

"का?"

याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. ड्रायव्हर उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मी सांगतो का ते. चौदा नंबरला तुम्ही एकेचाळीस मिनिटं लिहिलीत. मला बावन्न लागतात. शेवटच्या थांब्यावर आम्हाला विसाव्याला सहा मिनिटं लिहिलीत. ती सहा मिनिटं दहा वर्षांत मला एकदाही मिळाली नाहीत, रस्त्यातच संपतात. आम्ही पोचतो तोच परत निघायची वेळ झालेली असते. खाली उतरायला मिळत नाही म्हणून ड्यूटीवर मी पाणी पीत नाही. गेल्या वर्षी मूतखड्यानं लोळलो. तुमच्या कागदावर मात्र मी रोज सहा मिनिटं आराम करतो. तुमचा तुमच्या कागदावर विश्वास नाही, मग मी कशाला ठेवू?"

आणि गेला. दार हळू लावून गेला. "आपटलं असतं तर बरं वाटलं असतं," तक्रारबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मिनिटराव दुकानात आले. चेहरा उतरलेला. "दांडी सैल झालीय जरा," म्हणत चष्मा पुढे केला. दांडी ठणठणीत होती. मी उगीच स्क्रू पिळत बसलो.

"त्याला कुणी सांगितलं असेल हो, मी चालत जातो म्हणून?"

मी काच पुसायला घेतली. इतकी पुसली की नंबर उतरला असता.

"माणसं बोलतात," मी म्हटलं.

वर गेल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी म्हणजे थोडं बोलणारी बाई, पण बोलली की वर्मी लागतं. म्हणाल्या, "घरी कुणी आलं तर आपण आधी पाणी विचारतो. तुम्ही हातात कागद दिलात. आणि ज्याला दहा वर्षं पाणी प्यायला मिळालं नाही, त्यालाच दिलात."

मंगळवारी मिनिटरावांनी ड्रायव्हरला तीन निरोप धाडले. उत्तर नाही. मी त्या दिवशी एका आजोबांना आजीचा चष्मा दिला. आजोबा तोच लावून घरी गेले आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "सगळं जग गुलाबी आहे, पण धूसर आहे." इतकं माझं चित्त ठिकाणावर होतं!

बुधवारी सकाळी सहाला मी गॅलरीत उभा होतो. बघतो तर समोरच्या थांब्यावर मिनिटराव. बसथांब्यावर! सत्तावीस वर्षांत न पाहिलेलं दृश्य. दर अर्ध्या मिनिटानं मनगटाकडे बघत होते. मला वाटलं, आत्ताच जाऊन कबूल करावं. पायात चपला सरकवल्या, एक उलटी गेली, ती सुलटी केली आणि जिना उतरलो, तोवर चौदा नंबर आली आणि त्यांना घेऊन गेली. नऊ मिनिटं उशिरा. चालवत कोण होतं ते मिशांवरून कळलं.

पुढचं सगळं ड्रायव्हरनंच मला सांगितलं, चष्मा न्यायला आला तेव्हा.

तो म्हणाला, मिनिटराव चढले, तिकीट काढलं आणि पुढच्या आडव्या सीटवर बसले. पहिल्या दोन फेऱ्यांत ते वहीत वेळा लिहीत होते. शाळेपाशी बस थांबली, पोरं रस्ता ओलांडत होती, चार मिनिटं गेली. कागदावर तिथं थांबाच नव्हता. दवाखान्याच्या थांब्यावर एक म्हातारी चढत होती. एक पाय वर, मग श्वास, मग पिशवी, मग दुसरा पाय. दवाखान्याला कागदावर तीस सेकंद होती. तिसऱ्या फेरीत मिनिटरावांनी वही खिशात ठेवली आणि उठून त्या थांब्यावर पिशव्या वर घ्यायला लागले.

चौथ्या फेरीपासून ते अस्वस्थ दिसायला लागले. हा पाय त्या पायावर, तो पाय या पायावर. सकाळी घरून चहा पिऊन निघालेले, वर वहिनींनी दिलेली पाण्याची बाटली अर्धी संपवलेली. शेवटच्या थांब्यावर बस पोचायची आणि लगेच वळायची. पाचव्या फेरीला त्यांनी डोळे मिटून घेतले. सहाव्या फेरीला शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"उतरा."

"नको नको, उशीर होईल."

"होऊ दे. तिकडे भिंतीमागं सोय आहे. पळा."

"अहो, पण प्रवासी..."

"साहेब, सीट खराब झाली तर ती धुवायलाही कागदावर वेळ नाही."

अख्खी बस हसली. मिनिटराव धावत गेले. सत्तावीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नसेल; वेळेत निघणाऱ्याला धावावं लागत नाही. परत आले तेव्हा ड्रायव्हर पायरीवर बसून पाणी पीत होता. त्यांच्याच बाटलीतलं.

सहा मिनिटं मोडली. तेवढ्यात कुणीतरी कचेरीत फोन केलाच. तक्रारबाईंनी ड्रायव्हरला विचारलं, "चौदा नंबर का थांबलीय?" ड्रायव्हर म्हणाला, "वेळापत्रकवाले साहेब खाली उतरलेत." बाईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि उशिराच्या कारणासमोर, गंभीर चेहऱ्यानं, लिहून टाकलं : 'शेवटच्या थांब्यावर वेळापत्रक गटप्रमुखांना सहा मिनिटांची गरज भासली.'

ती नोंद मिनिटरावांनी संध्याकाळी वाचली. बाईंना वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "हे आराखड्यात पहिलं वाक्य म्हणून घेऊ या." आणि खुर्ची ओढून तिथंच बसले. एका दिवसापुरता बदल करायचा अधिकार त्यांच्या सहीला होता, तो त्यांनी आजवर कधी वापरला नव्हता. गुरुवारसाठी त्यांनी चौदा नंबरच्या प्रत्येक फेरीला अकरा मिनिटं वाढवून दिली. फेऱ्या कमी होणार, लोक ओरडणार, हे माहीत असून. संगणकवालीला म्हणाले, "तू गाडीत बस आणि वेळा घे. आणि उद्याच्या कागदावर हशा लिहिलेला नाही." पोरगी या वेळी खरंच हसली.

गुरुवारी गटाच्या बैठका झाल्या त्या शेवटच्या थांब्यावर. सहा सहा मिनिटांच्या, प्रत्येक फेरीला एक. ड्रायव्हर पायरीवर, मिनिटराव शेजारच्या कठड्यावर, पोरगी मांडीवर संगणक घेऊन, आणि तक्रारबाई फोनवरून. परिचयसुद्धा तिथंच नव्यानं झाले आणि बाईंची बदली चौथ्या फेरीत एकदाची पूर्ण झाली. दिवसभरात चौदा नंबरच्या तक्रारी आल्या तीन. एरवी तिसाच्या घरात असतात. त्यातली एक तर अशी : "बस आज वेळेवर आली म्हणून माझी चुकली. रोज उशिरा येते या अंदाजानं मी निघालो होतो. आधी कळवायला काय होतं?"

शुक्रवारी साडेदहाला आराखडा टेबलावर तयार होता. एक पान. तिघांच्या सह्या झाल्या. ड्रायव्हरनं खिशातून माझ्या दुकानातला नवा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"वाचा," मिनिटराव म्हणाले.

तो वाचत राहिला. एकेक ओळ, ओठ हलवत. मध्येच थांबून विचारायचा, "हे शाळेचं तुम्ही धरलंत ना?" धरलं होतं. "दवाखान्याला अडीच मिनिटं कमी पडतील. तीन करा." पोरगीनं तीन केली, पान पुन्हा छापलं. याचं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचन सुरू. अकराला पाच कमी. अकराला दोन कमी. तक्रारबाई सांगतात, एकदा त्यांना वाटलं, ओरडावं, अहो सही ठोका, या माणसाचं टेबल जायची वेळ आलीय! पण मिनिटराव हात मांडीवर ठेवून बसले होते. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. एकदाही मान वर केली नाही.

अकरा वाजले. वाजून गेले. अकरा वाजून सात मिनिटांनी ड्रायव्हरनं पेन मागितलं, सही केली आणि खाली तारखेबरोबर वेळही घातली.

चौघं साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग मिनिटरावांकडे, घड्याळच बिघडलं असावं तसं.

"तुम्ही? आणि उशिरा?"

"हो," मिनिटराव म्हणाले, "एक जण वाचत होते."

साहेबांनी सह्या मोजल्या. चार होत्या. पहिलं वाक्य वाचून त्यांनी भुवया वर केल्या, पुन्हा वाचलं आणि पान उलटं ठेवलं. म्हणाले, "तीन महिने. लागा कामाला."

त्या संध्याकाळी मी शेवटी धीर केला. समोरच्या दाराची बेल वाजवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की शनिवारी तोंड उघडणारा मीच.

मिनिटराव कुंड्यांतली पानं खुडत होते. "माहीत आहे. बुधवारी सातव्या फेरीत त्यानं सांगितलं. म्हणाला, चष्मेवाल्यांना डोळे चांगले दिलेत देवानं, तोंडाला मात्र झाकण द्यायचं विसरला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी येता ते बघत होतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो प्रश्न त्यानं पहिल्याच दिवशी विचारला, हे एक बरं झालं. मनात ठेवून तीन महिने माझ्याशेजारी बसला असता तर?"

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात वहिनी आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या. "घ्या भावोजी. तेवढा वेळ तरी गप्प राहाल."

हल्ली मिनिटराव सकाळी माझ्या दुकानासमोरच्या थांब्यावर उभे असतात. मी काचेमागून मनगटावर बोट आपटून दाखवतो. कालची चौदा नंबर सात मिनिटं उशिरा होती. त्यांनी वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि मग शेजारच्या बाईंना म्हणाले, मला दुकानात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "येईल. शाळेपाशी पोरं असतील."